तपासणीतल्या त्रुटींची पूर्तता: जाणकार माणसे हवी आहेत

सप्रेम नमस्कार,

दिव्यांग व्यक्तींना निवास, दिवसभराची देखभाल किंवा घरपोच मदत पुरवणाऱ्या छोट्या संस्थांचे आमचे स्थानिक मंडळ आहे. परवाना देणाऱ्या यंत्रणेच्या तपासणीआधीची तयारी आणि त्रुटींचा अहवाल आल्यानंतरची पूर्तता, या दोन कामांसाठी मदत हवी आहे. त्यात पैशांचा क्रमांक शेवटचा. आधी माणसे हवीत, आणि तीही नेमकी.

तपासणीला येणारा ऑडिटर कपाटभर फायली वाचत बसत नाही. एका निवाशाची फाईल उचलतो आणि तिच्यात लिहिलेले प्रत्यक्षात घडते का, ते घरभर फिरून पाहतो. गिळण्याचा त्रास लिहिला असेल तर थेट स्वयंपाकघरात जातो. वाचा-उपचारतज्ज्ञांनी पेयाचा घट्टपणा 'पातळी २' (आकडा वाढेल तसे पेय घट्ट) सांगितलेला, भिंतीवरच्या जुन्या तक्त्यावर पातळी १, आणि पेय देणारी व्यक्ती ते घट्ट करणारी पावडर अंदाजाने घालते आहे. ही त्रुटी गंभीर धरली जाते, कारण पातळ पेय श्वासनलिकेत उतरू शकते. तपासायला लागते एक सिरिंज. टोकावर बोट धरून ती त्या पेयाने १० मिलीपर्यंत भरायची, बोट १० सेकंद काढायचे. आत ४ ते ८ मिली उरले तर पातळी २. मात्र सिरिंजवरच्या ० ते १० या खुणांमधले अंतर ६१.५ मिमीच हवे. दुसऱ्या मापाची घेतली की निकाल चुकतो.

औषधवहीतला रिकामा चौकोन हा नेहमीचा दोष. औषध दिलेच नाही, दिले पण सही राहिली, की निवाशाने नाकारले, काहीच कळत नाही. 'गरज पडल्यास' लिहिलेल्या गोळ्यांचे दुखणे वेगळे: कोणत्या लक्षणाला द्यायची, दोन मात्रांत किती तासांचे अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त किती, हे लिहिलेलेच नसते. साठ्याचा हिशेब तर सरळ आहे. आधीची शिल्लक अधिक आलेल्या, वजा दिलेल्या, वजा नष्ट केलेल्या. उत्तर आणि पेटीतल्या गोळ्या जुळल्या पाहिजेत. न उघडलेल्या इन्सुलिनसाठी फ्रिज २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवा. फ्रिजच्या तापमानाच्या नोंदीत महिनाभर एकाच शाईत, एकाच हातचे '४' दिसले की ऑडिटरच्या भुवया उंचावतात, आणि उंचावायलाच हव्यात.

सर्वांत अवघड जागा बंधनांची. पलंगाचे कठडे, व्हीलचेअरचा पट्टा, बाहेरून लावलेली कडी, शांत ठेवण्यासाठी दिलेले औषध: कर्मचारी याला काळजी समजतात, म्हणून नोंदच होत नाही. बसताना तोल राहावा म्हणून उपचारतज्ज्ञांनी सुचवलेला पट्टा हा आधार. उठून फिरू नये म्हणून लावलेला तोच पट्टा बंधन. कारण काय, संमती कोणाची, मंजुरी कोणाची, किती वेळ, आढावा कधी, आणि त्याआधी कोणते सौम्य उपाय करून पाहिले, हे सगळे लिहिलेले असावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचे कलम १६ दिव्यांगांसाठीच्या सुविधांवर स्वतंत्र यंत्रणांची देखरेख हवी असे सांगते, ते शोषण आणि अत्याचार रोखण्यासाठीच. तपासणीला कटकट म्हणणाऱ्या संचालकांना हे कुणीतरी समजावायला हवे. तेही काम आहेच.

अहवाल आला की घाईघाईत उत्तर जाते: 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले.' एवढ्याने त्रुटी मिटत नाही. औषधे द्यायच्या वेळीच पाळी बदलते म्हणून सही राहत असेल, तर पाळी बदलण्याची वेळ सरकवावी लागेल. प्रशिक्षणाने ती सरकत नाही. प्रत्येक त्रुटीपुढे नियमाचे कलम, आढळलेला पुरावा, तातडीची दुरुस्ती, मूळ कारण, त्यावरचा उपाय, जबाबदार व्यक्ती, तारीख आणि उपाय टिकला का हे पुन्हा पाहण्याची तारीख हवी. निष्कर्ष चुकीचा वाटला तर हरकत घ्या, पण तपासणीच्या दिवशी हाती असलेल्या पुराव्यावरच. मुदतवाढ मुदत संपण्याआधी, लेखी मागावी.

म्हणून महिन्यातून अर्धा दिवस देणारे फार्मासिस्ट, परिचारिका आणि सराव-तपासणी घेणारे निवृत्त ऑडिटर हवेत. माणसाला उचलून हलवणाऱ्या यंत्रांचे पट्टे, गरम पाणी आणि अग्निशामके पाहणारे तंत्रज्ञ हवेत: पट्ट्यावरचे वजनमर्यादेचे लेबल पुसले असेल तर पट्टा बाद, न्हाणीघरातल्या नळाचे पाणी ४४ अंशांच्या वर नको. सांकेतिक भाषेचे दुभाषीही हवेत. आणि दिव्यांग व्यक्ती स्वतः तपासनीस म्हणून हव्यात, मानधनासह. 'तक्रार असली तर कुणाला सांगता?' हे त्यांनी विचारले की उत्तर मोकळे मिळते. वर्षभर कोरी असलेली तक्रारवही ही काही शाबासकीची गोष्ट नव्हे.

मागच्या तारखेने सह्या करून देणारे मदतनीस नकोत. राहून गेलेली नोंद 'उशिरा केलेली नोंद' असे लिहून, आजच्या तारखेने आणि वेळेने करता येते.

वस्तूंमध्ये कुलूपबंद औषधपेट्या, किमान-कमाल तापमापक, फायलींसाठी कुलपाची कपाटे आणि व्हीलचेअरसकट वजन करणारा काटा लागतो. काटा जुना चालेल, पण कॅलिब्रेशन प्रमाणपत्रासह. उरलेली औषधे आणि वापरलेले उचलपट्टे कृपया देऊ नयेत.

रोख देणगी तपासनिसांचे मानधन, दुभाष्यांचा खर्च आणि दुरुस्त्या यांवरच खर्च होईल. कोणत्याही संस्थेचा दंड त्यातून भरला जाणार नाही. हिशेब दर तिमाहीला मंडळाच्या फलकावर लागेल.

मदत करू इच्छिणाऱ्यांनी आपले काम, मोकळे दिवस आणि कोणत्या संस्थेशी नात्याचा किंवा व्यवहाराचा संबंध आहे, हे मंडळाला लेखी कळवावे. त्या संस्थेत तुम्हाला पाठवले जाणार नाही. पहिल्या भेटीआधी चारित्र्य पडताळणी आणि गोपनीयतेच्या करारावर सही लागेल. फायलींचे फोटो काढता येणार नाहीत. वस्तू देणाऱ्यांनी कंपनी, खरेदीचे वर्ष आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहून पाठवावी.