पुठ्ठ्याचा प्रतापगड पुन्हा उभा करायचा आहे : शाळा व्यवस्थापन समितीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि मुंबईकर मंडळी, सप्रेम नमस्कार.

पत्र घाईत लिहिले आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. चौथीच्या वर्गातला प्रतापगड आपण सगळ्यांनी पाहिलेला. तो या पावसाळ्यात गेला. खालची फळी वाळवीने खाल्ली; वरचे थर मैद्याच्या खळीने चिकटवलेले, ते झुरळांनी.

तो गड उभा राहिला तेव्हा सुतारआळीतल्या अण्णांनी फळी रंधून दिली होती. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी टीव्ही-फ्रिजची खोकी रद्दीत न घालता महिनाभर जपून ठेवली. मुंबईकरांनी न मागता सहा होकायंत्रे पाठवली. बचत गटाच्या वहिनी रोज दुपारी दोघी-दोघी येऊन कटर चालवत, कारण मुलांच्या हाती कटर द्यायचा नाही हा आपला नियम. आणि टेलरमामांनी शिवून दिलेली काळपट्टी तर अजून शाबूत आहे. चार मीटर नवार, एका वर्षाला एक सेंटिमीटर. १६३० ला शिवजन्माची गाठ, १६७४ चा राज्याभिषेक ४४ सेंटिमीटरवर, १९४७ थेट ३१७ वर. मुले आजीचे जन्मसाल विचारून येतात आणि तिथे टाचणी लावतात. नायलॉनची दोरी ताणली की वाढते, खुणा सरकतात, म्हणून नवारच हवी हे मामांनीच सांगितले होते. या सगळ्यांचे उपकार शाळा विसरलेली नाही.

आता कामाचे. चौथीला 'शिवछत्रपती' आहे. १० नोव्हेंबर १६५९ चा धडा मुले पाठ म्हणतात, पण वाईहून निघालेला खान रडतोंडीचा घाट उतरून गडाच्या पायथ्याच्या पार गावी आला म्हणजे कसल्या मुलखात शिरला, हे सपाट नकाशावर कळत नाही. बोटाने चढ चाचपला की कळते.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीच्या २० मीटरच्या अंतराने असतात. एका रेषेला पुठ्ठ्याचा एक थर. गडाभोवतीचा ३ किलोमीटर बाय २ किलोमीटरचा तुकडा दहापट मोठा केला की ६० बाय ४० सेंटिमीटरचा होतो. त्यात २० मीटर उंची म्हणजे ४ मिलिमीटर. तीन प्लायचा पुठ्ठा जेमतेम ३ मिलिमीटर भरतो आणि गड बसका दिसतो. पाच प्लायचा, ५ मिलिमीटरचा घेतला तर उंची सव्वापट होते आणि डोळ्याला बरोबर वाटते. तळ ७०० मीटरला धरून माथ्यापर्यंत, म्हणजे साधारण १०८० पर्यंत, १९ थर. कोकणाकडचा उतार त्याहून खाली जातो, तो आपण फळीशीच थांबवतो.

"दोन पुठ्ठ्यांत एकाआड एक रेषा कापा, माल कितीतरी कमी लागेल," असे काहींनी सुचवले. मोठ्या उताराला ते चालते. इथे चढ इतका उभा की कड्या जेमतेम बोटभर रुंद निघतात, डिंक लावायला जागाच उरत नाही. म्हणून प्रत्येक थराला अख्खा पुठ्ठा. खालच्या थरावर वरच्याची रेषा आधीच कार्बनने उतरवायची, नाहीतर थर कुठे बसवायचा ते कळत नाही. रेषा पेन्सिलीची, स्केचपेनची रेघच मिलिमीटरभर जाडीची. फेव्हिकॉलमध्ये पाणी घालायचे नाही, पुठ्ठा वाकतो. प्रत्येक तीन थरांनंतर रात्रभर विटा ठेवायच्या.

भूगोलाच्या सावलीकाठीचेही (उन्हात उभी करून सावली मोजायची काठी) तसेच, हाताने करून पाहिले की कळते. घड्याळात १२ वाजता काठीची सावली सर्वांत आखूड नसते. आपण साधारण ७४ रेखांशावर, भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. अंशाला ४ मिनिटे, म्हणजे साडेआठ अंशांची ३४ मिनिटे. ऋतूप्रमाणे १२.१५ ते १२.५० च्या दरम्यान पाहावे लागते. (शून्य सावली, म्हणजे सूर्य थेट डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, मे महिन्यात सुट्टीत जाते आणि ऑगस्टच्या आरंभी ढगात, हे आपले नशीब.) सहापैकी चार होकायंत्रे बिघडली आहेत. उरलेली दोन लोखंडी बाकावर ठेवली की उत्तर दिशा भलतीकडेच दाखवतात, म्हणून ती ओट्यावर नेऊनच वापरायची.

एक गोष्ट मनात राहिली आहे, बोलून टाकतो. गेल्या वर्षी खोक्यांसाठी ग्रुपवर तीनदा लिहिले. अंगठे पुष्कळ आले, खोकी दोन. जत्रेच्या वर्गणीला कुणाच्या दारी दुसऱ्यांदा जावे लागत नाही. असो.

यंदा २७ मुलांचे तीन गट, तीन गड. हवे ते असे : पाच प्लायचे पुठ्ठे ६० बाय ४० चे, तळाचा धरून गडाला २०, म्हणजे ६० आणि वाया जाणारे १० (घडी व छापाची बाजू चालेल, भिजलेला नको, फ्रिजच्या एका खोक्यातून आठेक निघतात), १२ मिलिमीटर मरीन प्लाय ६५ बाय ४५, तीन नग, फेव्हिकॉल ३ किलो, कार्बन कागद एक पाकीट, होकायंत्रे ४, कटर चालवायला रोज दुपारी २ ते ४ दोन माणसे, पंधरा दिवस. वस्तू नसेल तर रोख चालेल, पावती शाळेच्या कार्यालयात बाईंकडे, ११ ते ४. वस्तू १० जानेवारीपर्यंत. गड १९ फेब्रुवारीला मांडायचे आहेत आणि थर वाळायलाच आठवडा जातो. खोकी सपाट करून आणा, पिना तशाच राहू द्या, आम्ही काढू.

आपला,
सचिव, शाळा व्यवस्थापन समिती