रविवारी ब्रश फिरवायला कुणाची हरकत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत घर सजवण्याचे लेख येतात, ते मी न चुकता वाचते. 'छोटं घर' म्हणून त्यात ज्याचे फोटो असतात, त्याच्या हॉलमध्ये आमचं अख्खं घर बसेल, पण ते असो. त्या लेखांत डिझायनर असतात, कंत्राटदार असतात, घरमालक नव्या सोफ्यावर बसून हसत असतात. हातात थापी घेतलेला घरमालक मात्र मी अजून पाहिलेला नाही. आम्ही दोघं सध्या सिमेंटच्या गोणीवर बसून चहा पितो आहोत आणि सोसायटीचा नियम आम्हाला रविवारी स्वतःच्या घराला हात लावू देत नाही. आमच्यासारखे आणखी असणारच, म्हणून हे पत्र.

आमचं घर मुलुंड पूर्वेला. चार मजली इमारत, 1986 सालची, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चटईक्षेत्र 345 चौरस फूट, म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास. नवरा आयटीआय झालेला फिटर, भांडुपला एका वर्कशॉपमध्ये नोकरीला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ. दोघांनाही सुट्टी रविवारची. या रविवारावरच सगळं घोडं अडलं आहे.

घराला हात घालण्याची हौस आम्हाला नव्हती. इमारतीला तीस वर्षं होऊन गेली की मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 353 ब प्रमाणे संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तशी आमची झाली. अहवालात अभियंत्याने लिहिलं की न्हाणीघरांच्या गळतीमुळे स्लॅबमधल्या सळया गंजत आहेत. मग सोसायटीची नोटीस आली. ज्यांच्या घरातून गळती आहे त्यांनी ती स्वखर्चाने तातडीने थांबवावी. हे बरोबरच आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप सोसायटीने बघायचे आणि आपल्या न्हाणीघराची, संडासाची गळती आपण बघायची, असंच सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) आहे. आमच्या खाली राहणाऱ्या काकूंच्या छताला पोपडे धरले होते आणि त्या बिचाऱ्या दोन पावसाळे काही न बोलता बादली ठेवत होत्या.

कंत्राटदारांना बोलावलं. एकाने मोबाइलवर हिशेब करून जो आकडा सांगितला, त्यात मुलीचं पुढचं शिक्षण झालं असतं. दुसऱ्याने घर न बघताच 'सगळं तोडून नवीन करू' म्हटलं. तो गेल्यावर नवरा म्हणाला, "फोडायला माणूस लावू, बाकी आपण करू." फोडकाम, कटर, ड्रिल यांसाठी त्याने रजा काढली. ते सगळं काम आठवड्याच्या दिवशी, सोसायटीने दिलेल्या वेळेतच झालं, दुपारची दोन ते चारची विश्रांती पाळून. ब्रेकर चालू असताना भिंतीपलीकडे बसणं काय असतं हे मला माहीत आहे. वरच्या मजल्याचं काम निघालं होतं तेव्हा मुलीची दहावी होती. त्यामुळे या नियमाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. दुरुस्तीच्या परवानगीचा जो छापील अर्ज आहे, त्यात 'ठेकेदाराचे नाव व शिक्का' असा रकाना आहे. तिथे नवऱ्याने स्वतःचं नाव लिहिलं. अर्ज परत आला. शिक्का नाही! मग कामगारांची यादी, फोटोसह. त्यात आम्ही दोघांनी आपापले फोटो लावले. ते पाहून वॉचमन हसला, पण कार्यालयात कुणी हसलं नाही. पुढे सांगण्यात आलं की लाद्या बदलायच्या तर पालिकेची परवानगी आणा. महापालिका कायद्याचं कलम 342 मी छापून नेलं. लाद्या बदलणं, गिलावा, रंग, न्हाणीघर-संडासाची दुरुस्ती, नळ आणि पाइप बदलणं या किरकोळ दुरुस्त्यांना परवानगी लागत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. भार पेलणारी भिंत किंवा खांब-तुळई काढणं, नवा माळा टाकणं, जमिनीची पातळी खाली नेणं हे मात्र त्यात बसत नाही. आमच्या मनात स्वयंपाकघरावर माळा टाकायचा होता, तो विचार आम्ही तिथेच सोडला. या बाबतीत सोसायटीने कितीही कडक असावं. खोली मोठी दिसावी म्हणून लोक काय काय पाडतात ते आम्ही पाहिलं आहे.

एवढं झाल्यावर अर्ज मंजूर झाला, आणि खाली अट होती की रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी कोणतेही काम करता येणार नाही, इतर दिवशी संध्याकाळी सहानंतर बंद. आता आम्ही घरी येतो सातला. म्हणजे स्वतःच्या घराला स्वतः हात लावायचा तर नोकरी सोडून लावायचा. आधी दुरुस्ती करा म्हणून नोटीस द्यायची आणि मग ती करण्याचा एकही तास शिल्लक ठेवायचा नाही, असा हा प्रकार झाला. यात कुणाचा दुष्टपणा आहे असं मला वाटत नाही. दुरुस्ती म्हणजे कंत्राटदार आणि त्याची चार माणसं, असं डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी केव्हातरी हा अर्ज आणि नियम केला. तोच दर वर्षी झेरॉक्स होत राहिला.

'कोणतेही काम' म्हणजे नेमकं काय, ते एकदा सांगते. फोडकाम झालं की आवाजाचं काम जवळजवळ संपतं. जुन्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब मुळातच फूटभर खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. वरच्या लाद्यांच्या सांधीतून झिरपलेलं पाणी त्या भरावात वर्षानुवर्षं साठून राहतं. आम्ही तो भराव काढला तेव्हा खालचे विटांचे तुकडे हाताने कुस्करता येत होते. स्लॅब उघडा करून, धुऊन, सुकवून, कोपरे गोलाईत भरून त्यावर वॉटरप्रूफिंगचे हात द्यायचे. पहिला आडवा, तो सुकला की दुसरा उभा. मग ब्रशच तो, त्याचा आवाज किती होणार? त्यानंतर पाणी भरून 48 तास तसंच ठेवायचं. ते दोन दिवस खालच्या काकू टॉर्च घेऊन आपलं छत बघत होत्या आणि जिन्यातून ओरडून सांगत होत्या, "अजून कोरडं आहे गं!" मग विटांचा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, आणि तो आठवडाभर ओला ठेवायचा. सकाळी कामावर जाण्याआधी गोणपाट भिजवायचं, आल्यावर पुन्हा भिजवायचं. म्हटलं तर हेही 'काम'च.

लाद्या बसवण्याचा दिवस तर मला फार आवडला. न्हाणीघराला ढाळ द्यावा लागतो, मीटरला साधारण सव्वा सेंटिमीटर, नाहीतर पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं. लेझरची मशीन कुठून आणणार? नवऱ्याने पारदर्शक नळीत पाणी भरलं, बुडबुडे घालवले, एक टोक मी भिंतीला लावून उभी राहिले, दुसरं त्याने धरलं. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं, तिथे पेन्सिलीची खूण करायची. "हलवू नकोस." "मी नाही हलवत, तू श्वास घेतोयस." दोन तास असं चाललं. लग्नाला वीस वर्षं झाली, इतका वेळ आम्ही एकमेकांशी एकाच विषयावर बोललो नव्हतो. मग गुण्या लावून पहिली ओळ, सांध्यांत प्लॅस्टिकचे स्पेसर, लादीवर रबरी हातोडीची हलकी थाप. कापायच्या तेवढ्या लाद्या आधीच आठवड्यात कापून ठेवल्या होत्या. दिवस अर्थात रविवारचा होता. दार लावून घेतलं होतं. आपल्याच घरात चोरासारखं वागायची वेळ आली, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

रंगाच्या वेळी मात्र तक्रार गेली. जुन्या दारा-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थर होते. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त असू नये हा नियम 2016 चा, अंमल 2017 पासूनचा. त्याआधीच्या थरांत किती शिसं आहे कुणास ठाऊक, तेव्हा ते कोरडे घासायचे नाहीत, अशी माझी अट होती. रक्ताच्या नळ्यांवर रोज काम करणारी बाई हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय काही करत नाही. पाणी लावून वॉटरपेपरने घासत बसलो. तो आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जात नाही. तरी कुणीतरी जिन्यातून उघड्या खिडकीत आम्हाला पाहिलं असावं. पत्र आलं, 'रविवारी काम करून इतर सभासदांना त्रास दिल्याबद्दल खुलासा करावा.' त्याच रविवारी खाली मंडप होता आणि सकाळपासून स्पीकर चालू होता, याचा उल्लेख मी खुलाशात केला नाही. शेजारधर्म म्हणून इथेही फक्त एवढाच करते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45 डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या रात्रीच्या वेळात निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं वापरायची नाहीत, हे 2010 च्या दुरुस्तीने त्यात आलं. म्हणजे कायद्याने आवाज मोजला आणि वेळ ठरवली. सोसायटीला त्याहून कडक व्हायचं असेल तर जरूर व्हावं, चिकटून चिकटून राहणाऱ्यांना ते लागतंच. पण कडक व्हायचं ते आवाजाबाबत. आमचं मागणं एवढंच आहे की कामांची दोन गटांत विभागणी करा. ब्रेकर, कटर, ड्रिल, छिन्नी-हातोडा, ग्राइंडर हे सगळं फक्त आठवड्याच्या दिवशी आणि ठरलेल्या वेळेत. लांबी भरणं, रंग, वॉटरप्रूफिंगचा ब्रश, सांधे भरणं, ओल्या पेपरने घासणं, कोबा भिजवणं, न कापता लादी बसवणं हे रोज रात्री नऊपर्यंत आणि रविवारीही. अर्जात 'ठेकेदार' या रकान्याशेजारी 'स्वतः सभासद' असा एक चौकोन छापा. विजेच्या कामाला परवानाधारक वायरमनचं नाव आणि क्रमांक सक्तीने मागा, तेही हवंच. आम्ही गिझरची लाइन आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) परवानाधारकाकडूनच बसवून घेतला. नवरा फिटर असला तरी त्या कामाला त्याने हात लावला नाही.

राबिटाबद्दल, म्हणजे फोडकामातून निघालेल्या कचऱ्याबद्दल, दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. भराव आणि जुन्या लाद्या आम्हीच गोणीत भरून तीन जिने उतरवल्या. माझ्या गुडघ्यांना त्या अजून आठवतात. बांधकामाच्या कचऱ्याचे 2016 चे केंद्राचे नियम वाचले, तर त्यात दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टन कचरा करणाऱ्यांसाठी सविस्तर वेगळी तरतूद होती. आमच्या गोण्यांचा टेम्पोसुद्धा धड भरत नव्हता. पहिला टेम्पोवाला स्वस्तात तयार झाला, पण टाकणार कुठे विचारलं तर म्हणाला, "मिठागराच्या बाजूला, खाडीला." त्याला नको म्हटलं. त्याच ठाणे खाडीचं अभयारण्य 2022 मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं आहे, फ्लेमिंगो बघायला आम्हीच मुलीला घेऊन जातो आणि आम्हीच तिथे राबिट टाकायचं का? शेवटी वॉर्डातून पालिकेच्या 'डेब्रिज ऑन कॉल' सेवेची चौकशी केली, आणि शेजारच्या विंगमध्येही काम निघालं होतं त्यांच्याबरोबर मिळून गाडी मागवली. प्रत्येक सोसायटीने वर्षातून दोन-तीन ठरावीक तारखांना सगळ्यांच्या गोण्या एकत्र करून गाडी बोलावली, तर लहान घरांचा प्रश्न सुटेल. त्याला कुणाचा ठरावही लागत नाही, फलकावर तारीख लिहिली की झालं.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायची असते. कामांच्या विभागणीचा आणि अर्जाच्या रकान्याचा विषय पत्रिकेवर घ्यावा, असं पत्र मी दिलं आहे, त्यावर सूचक म्हणून खालच्या काकूंनी सही केली आहे. चिटणीस म्हणाले की दुसऱ्या कुठल्या सोसायटीत असा नियम आहे का ते दाखवा, मग सभेला पटेल. माणसं वाईट नाहीत, फक्त कुणीतरी आधी केलेलं हवं असतं. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या सोसायटीत आवाजाच्या आणि बिनआवाजाच्या कामांना वेगळ्या वेळा दिल्या असतील, तर त्यांनी त्या नियमाची भाषा जशीच्या तशी याच सदरात कळवावी ही विनंती. स्वयंपाकघराचा ओटा अजून व्हायचा आहे.

आपली नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई

(कृपया नाव छापू नये. सोसायटीतच राहायचं आहे.)