नेट बंद झालं म्हणून आलेल्या तुझ्या मेसेजचं उत्तर

प्रिय बाळा,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज बघितला, "आई नेट बंद झालं, रिचार्ज मार". मारलंय, आलं काय बघ. पण त्याच्याच खाली तू एका ओळीत लिहून सोडून दिलंस की कॉलेजच्या नेटचा आयडी पासवर्ड रूममेटला दिलेला आणि आता लायब्ररीकडनं मेल आलाय, ते वाचल्यापासून मला झोप नाही. फोनवर बोलले असते तर हो हो म्हणून ठेवला असतास, म्हणून लिहायला बसले, शेवटपर्यंत वाच.

आधी होस्टेलच्या वायफायच्या कोट्याचं. स्क्रीनशॉट बघितला, महिन्याला 15 जीबी आणि 18 तारखेला सगळे संपलेले. तू म्हणतोस एकच पिक्चर बघितला. अरे फुल एचडीवर तासाला दीड ते तीन जीबी जातात, तेच 480 वर ठेवलं तर अर्ध्या जीबीच्या आसपास, म्हणजे फुल एचडीवर तीन तासांचा पिक्चर सहा-सात जीबी सहज धर. आणि बाकीचे? ताईच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ तुझ्या फोनात आहेत, वायफायवर बॅकअप चालू असणार, तू झोपलास की फोन रात्रभर गूगल फोटोजवर चढवत बसतो, आणि अपलोडसुद्धा बऱ्याच ठिकाणी कोट्यात धरतात. लॅपटॉपचं विंडोज अपडेट वेगळंच. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कला मीटर्ड कनेक्शन करून टाक, म्हणजे मोठे अपडेट आपोआप उतरत नाहीत. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड पण बंद कर, गल्लीच्या गणपती ग्रुपवर दिवसाला किती व्हिडिओ येतात तुला माहीत आहे की.

आता हे बघ, एक रिसर्च पेपर साधारण दोन एमबीचा. 15 जीबीत सात हजारांवर पेपर मावतात. अभ्यासाला कोटा कमी पडतोय असं तू म्हणालास ना, ते मला पटलं नाही.

आपल्या गल्लीतलं पाणी आठव. तू लहान असताना आठवड्यानं पाणी यायचं, रात्री दोनला नळाचा फस्स आवाज आला की सगळी गल्ली उठायची, तू पण डोळे चोळत कळशी धरून उभा. आणि कोपऱ्यावरच्या एका घरानं नळाला डायरेक्ट मोटर लावलेली. त्यांची टाकी वीस मिनिटांत भरायची आणि शेवटच्या घरातल्या आजींच्या नळाला नुसता वारा. तू विचारलेलंस, आई पाणी तर सगळ्यांचंच आहे ना मग आजींना का नाही येत? होस्टेलची लाईन तशीच आहे बाळा. एक जीबीपीएसची लाईन ऐकायला मोठी वाटते, पण रात्री दहाला पाचशे पोरं एकदम बसली की वाट्याला दोन एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला पाव एमबी. त्यात कोणी टोरेंटवर मोठमोठ्या फाईली उतरवायला लावून झोपला की ती मोटरच झाली. म्हणून कोटा असतो. तुझ्यावर राग म्हणून कोणी तो लावलेला नाही.

पण खरं दुखणं पासवर्डचं आहे. तुझा रूममेट वाईट पोरगा नाही, मला माहीत आहे, त्याचा कोटा संपला आणि तू मित्र म्हणून दिलास. पण त्यानं तुझ्या नावावर एका जर्नलचे सगळे जुने अंक सॉफ्टवेअर लावून रात्रीत उतरवायला घेतले. मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत एवढी वर्षं बसते, मला याचा अर्थ माहीत आहे. प्रकाशकाशी जो करार असतो त्यात घाऊक डाउनलोड चालत नाही, आणि त्यांना बाहेरून तुझं तोंड दिसत नाही, कॅम्पसचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता दिसतो, तो ते बंद करतात. सगळ्यांचा! 2010 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये एका माणसानं लाखो लेख उतरवले तर जेस्टोरनं, म्हणजे जिथं जर्नल्स ऑनलाइन ठेवलेली असतात त्या साइटनं, अख्ख्या एमआयटीचा ॲक्सेस काही दिवस बंद ठेवलेला.

आमच्याकडे पण झालंय एकदा. दहा दिवस एका प्रकाशकाचं काहीच उघडत नव्हतं. शेवटच्या वर्षाची एक पोरगी, खानापूरकडनं रोज एसटीनं येणारी, वहीच्या मागच्या पानावर नऊ पेपरांची नावं लिहून काउंटरला उभी, प्रोजेक्टचं सबमिशन चार दिवसांवर. तिच्या गावात मोबाईलला रेंज नाही, कॉलेजचं नेट हेच तिचं नेट. मी नाही म्हटल्यावर तिनं वही बंद केली आणि तिथंच बाकावर बसून राहिली. ज्यानं केलं त्याला ती दिसलीच नाही.

आणि आतून मात्र तुमच्या कम्प्युटर सेंटरला सगळं दिसतं, कुठल्या आयडीवर, किती वाजता, किती एमबी. तिथं रूममेटचं नाव नाही, तुझं आहे. तुझा आयडी म्हणजे तुझी सही. बँकेच्या स्लिपवर सही करून कोऱ्या स्लिपा वाटशील काय?

तुला जे तिथं मिळतंय ते किती मोठं आहे हे कळावं म्हणून सांगते. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारनं सगळ्या देशासाठी एकत्र भरलेली जर्नल्सची वर्गणी, 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालं, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नल्स, सरकारनं तीन वर्षांसाठी 6,000 कोटी ठेवलेत. सरकारी युनिव्हर्सिटीतल्या पोरांना ते फुकट. मी बी.लिब. करत असताना एका लेखाच्या झेरॉक्ससाठी धारवाडला जायचे, सकाळची गाडी आणि रात्री परत. तू खोलीत बसून उघडतोस. लागेल तेवढं वाच, पण लागेल तेच, एकेक करून उतरव. आणि लायब्ररीच्या साइट तुमच्या कोट्यात धरतात का नाही ते पण विचारून घे, काही ठिकाणी धरत नाहीत.

तर आता असं कर. पासवर्ड आजच बदल, मेलचा आणि नेटचा दोन्हीचा. उद्या सकाळी दहाला कम्प्युटर सेंटरला स्वतः जा, मेलला नुसतं उत्तर पाठवू नकोस. जे झालं ते खरं सांग, पासवर्ड मी दिला, चूक माझी. रूममेटला पण बरोबर यायला सांग, नाही आला तरी तू जा. उतरवलेल्या फाईली तुमच्याकडं असतील तर काढून टाकतो म्हणून सांग आणि खरंच काढा. महिनाभर आयडी बंद ठेवला तर ठेवू दे, लायब्ररीत जाऊन बस, तिथले कम्प्युटर आहेतच. पप्पांना मी अजून सांगितलं नाही, तू जाऊन आलास की तूच सांग.

शनिवारी गल्लीतले काका तिकडं येणार आहेत, त्यांच्याकडं कुंदा आणि भाजणी देते. कुंद्याचे दोन डबे आहेत, एक रूममेटचा. उद्या तिथनं बाहेर पडलास की लगेच फोन कर, मी काउंटरला असले तरी उचलते.

तुझी
आई