बायबलचे एकेक पुस्तक सलग अभ्यासावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकांमध्ये मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. त्यांच्यापुढे, आणि त्यांच्या मंडळ्यांचे (चर्चचे) पाळक व वडीलजन यांच्यापुढे, एक विषय मांडावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्या घरांत बायबल आहे, त्यातली कितीतरी वचने लहानपणापासून तोंडपाठ आहेत, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आणि रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या संदेशांतही वचने आहेत. परंतु बायबलमधले एखादे पुस्तक हाती घेऊन ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग वाचावे, काही आठवडे त्याच पुस्तकाजवळ थांबावे आणि त्याच्या उजेडात घरचा व बाहेरचा व्यवहार तपासून पाहावा, ही सवय आपल्यात फारशी उरलेली नाही. ती पुन्हा लागावी, एवढेच माझे मागणे आहे.

बायबल एका बांधणीत मिळत असले तरी तो पुस्तकांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात ६६ आणि कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तके आहेत. त्यांत इतिहास आहे, कायदा आहे, गीते आहेत, संदेष्ट्यांची भाषणे आहेत आणि खऱ्याखुऱ्या माणसांना खऱ्याखुऱ्या अडचणींत लिहिलेली पत्रे आहेत. आज आपण ज्या अध्यायांच्या आणि वचनांच्या आकड्यांवर बोट ठेवतो, ते मूळ लिखाणात नव्हते. अध्यायांची प्रचलित विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूंच्या नावाने रूढ झाली, आणि नव्या कराराच्या (येशूपासून पुढचा बायबलचा दुसरा भाग) वचनांना आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली दिले. संदर्भ शोधायला ही सोय उत्तमच आहे, मात्र तिच्यामुळे एकेक वचन सुटे करून उचलण्याची वाटही सोपी झाली.

सुटे वचन उचलल्याने काय हरवते, याचे एकच उदाहरण देतो. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन, ज्यात देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत आणि तुम्हांला आशा देणारे आहेत, आपल्याकडे वाढदिवसाच्या कार्डापासून नव्या घराच्या दारापर्यंत सर्वत्र दिसते. ते मुळात एका पत्रातले वाक्य आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून जे लोक बंदी करून बाबेलास नेले, त्यांना यिर्मयाने हे पत्र पाठवले. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल. यिर्मया मात्र लिहितो की सत्तर वर्षे लागतील. तोवर घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या परक्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा व प्रार्थना करा. म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकले, त्यांच्यातले बहुतेक जण परतीचा दिवस पाहायला जिवंत राहणार नव्हते, आणि तरीही त्यांना आशा सांगितली जात होती. हे कळल्यावर ते वचन लहान होत नाही. परीक्षेचा निकाल किंवा नोकरीचा कॉल यांच्यापलीकडे, ज्याची संकटे लवकर संपणार नाहीत अशा माणसालाही ते पुरे पडते.

सुरुवात कोठून करावी, असे कोणी विचारले तर मी याकोबाचे पत्र सुचवीन. पाच अध्याय, १०८ वचने. मोठ्याने वाचले तरी अर्ध्या तासाच्या आत संपते. परंपरेनुसार ते प्रभू येशूचा भाऊ आणि यरुशलेमेतील मंडळीचा प्रमुख याकोब याचे मानले जाते. त्याच्याइतके रोजच्या जगण्यात थेट शिरणारे पुस्तक नव्या करारात क्वचितच सापडेल. जिभेने लागणारी आग, आपापसातली भांडणे, उद्या अमुक नगरात जाऊन व्यापार करू व पैसा मिळवू अशी बेफिकीर बोलणी, अनाथ व विधवा यांचा समाचार, आजाऱ्यासाठी प्रार्थना, हे सगळे त्यात आहे.

आमच्या घरसभेत आम्ही या पत्राचा दुसरा अध्याय वाचत होतो. हातात सोन्याची अंगठी घातलेला एक माणूस सभेत येतो, त्याला चांगली जागा मिळते, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभा राहा किंवा माझ्या पायांशी बस असे सांगितले जाते, हा भाग वाचून झाल्यावर एक वयस्कर बाई म्हणाल्या, “आपल्या नाताळच्या कार्यक्रमातही पुढच्या खुर्च्या कोणासाठी राखून ठेवतात, ते बघा की.” त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पुढच्याच वचनांकडे आम्ही वळलो, ज्यांत उघड्या आणि उपाशी भावाला नुसते ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा’ म्हणून वाटेला लावणाऱ्याला याकोब विचारतो की याचा उपयोग काय. या दोन गोष्टी शेजारीशेजारी आल्या म्हणूनच लक्षात आले की जागा देण्यातला भेद आणि मदत न करता दिलेला आशीर्वाद, हे याकोबाच्या नजरेत एकाच आजाराची लक्षणे आहेत.

पाचव्या अध्यायातली चौथी ओळ तर आपल्या भागात प्रत्येक मंडळीत वाचली जावी. शेते कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे, असे याकोब श्रीमंतांना सुनावतो. ज्या जिल्ह्यांतून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेथे या ओळीचा अर्थ समजावून सांगायला कोणत्याही टीकाग्रंथाची गरज नाही. आणि ती फक्त मोठ्या बागायतदारांसाठी आहे असे समजून आपणही सुटत नाही. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार, गवंड्याची राहिलेली बाकी, दुकानात काम करणाऱ्या मुलाचे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून लांबवलेले पैसे, हे सारे तिच्या आवाक्यात येते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. मनुष्य कर्मांनी नीतिमान ठरतो, नुसत्या विश्वासाने नव्हे, असे याकोब म्हणतो. प्रेषित पौल रोम येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हणतो की मनुष्य नियमशास्त्रातील (मोशेने दिलेल्या धर्मनियमांतील) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रणेते मार्टिन लूथर यांना ही अडचण इतकी जाणवली की १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या जर्मन भाषांतराच्या प्रस्तावनेत त्यांनी याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीची उपमा दिली. दोन सुटी वचने समोरासमोर ठेवली तर वाद कधीच मिटणार नाही. दोन्ही पत्रे सलग वाचली तर मात्र दिसते की दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात आणि उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातले, अब्राहामाच्या विश्वासाविषयीचे तेच वाक्य उद्धृत करतात. पौलाचा रोख, नियमशास्त्र पाळून देवापुढे हक्क सांगता येतो असे समजणाऱ्यांवर आहे. याकोबाचा रोख, तोंडाने विश्वास सांगून भावाच्या उपाशी पोटाकडे पाठ फिरवणाऱ्यांवर आहे, आणि म्हणून तो अब्राहामाच्या कथेत पुढे जाऊन पुत्र इसहाकाला वेदीवर अर्पण करायला निघाल्याच्या प्रसंगापर्यंत येतो. मला हे पटते. ज्यांना पटत नाही त्यांनीही दोन्ही पत्रे पूर्ण वाचून मग मत बनवावे, एवढी विनंती करीन.

वचने पाठ करण्याला माझा विरोध नाही. दुखण्यात आणि मृत्यूच्या घरी तोंडपाठ स्तोत्रच आधार देते, हे मी अनेकदा पाहिले आहे. रविवारच्या शाळेतल्या मुलांनी पाठांतर करावेच, फक्त त्याबरोबर ते वचन ज्या पुस्तकातले आहे त्याची गोष्टही त्यांना सांगितली जावी.

मराठी ख्रिस्ती समाजाला या बाबतीत मोठा वारसा आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले, ते अल्पशिक्षित स्त्रियांनाही स्वतः वाचून समजावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी हे काम पुरे झाले होते. कॅथलिक बांधवांच्या बाजूनेही १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्व श्रद्धावंतांना शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रह केला. तेव्हा हे काम एका पंथाचे नाही.

पाळकांना माझी सूचना अशी आहे की वर्षातून निदान दोन पुस्तके मंडळीने मिळून घ्यावीत, एक जुन्या करारातले आणि एक नव्या करारातले. पहिल्या बैठकीत पुस्तक पूर्ण वाचावे आणि त्या दिवशी उपदेश करू नये. पुढच्या बैठकांत थोडाथोडा भाग घेऊन, लेखक कोणाशी बोलतो आहे, आधी काय म्हणाला आणि पुढे काय म्हणतो, हे लोकांनाच विचारावे, आणि शेवटी या आठवड्यात आपल्या घरात यामुळे काय बदलायचे ते प्रत्येकाने सांगावे. ज्यांना वाचता येत नाही किंवा दृष्टी अधू झाली आहे, त्यांना यातून वगळण्याचे कारण नाही, कारण ही पत्रे मुळातच सभेत मोठ्याने वाचण्यासाठी लिहिली गेली. कलस्सैकरांस लिहिताना पौल सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झाले म्हणजे लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाईल असे करा, आणि त्यांच्याकडचे तुम्हीही वाचा. शेजारच्या दोन गावांतल्या मंडळ्यांनी एकच पुस्तक घेऊन महिन्यातून एकदा एकत्र बसायचे ठरवले, तर वाचकही मिळतील आणि ऐकणारेही.

आपला विश्वासू,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर