शीतगृहाच्या फरशीखाली काय आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मासळी आणि आंब्याच्या रसासाठी कोकणात शीतगृहं हवीत, यावर दुमत नाही. अशा प्रकल्पाची चर्चा निघाली की पफ पॅनेलची, म्हणजे भिंती-छताच्या फोम भरलेल्या पत्र्यांची जाडी सांगतात, मशिनचं टनेज, म्हणजे थंड करण्याची ताकद सांगतात. फरशीखाली आणि फुटिंगभोवती, म्हणजे कॉलमच्या पायाभोवती, थंडी अडवायला काय घातलंय हे कुणी विचारत नाही. माझी सगळी नोकरी अशाच साइटवर काम करण्यात गेली, म्हणून हे पत्र.

खोली उणे 18 अंशांवर ठेवली की ती फरशीतून जमिनीची ऊब शोषत राहते. बाहेर मे महिन्याचं ऊन असलं तरी फरशीखालची माती हळूहळू गोठते. पाण्याचा बर्फ झाला की आकारमान 9 टक्के वाढतं हे आपण शाळेत शिकतो. पण तेवढ्याने इमारत हलत नाही. गोठलेला थर खालच्या ओल्या मातीतून पाणी वर ओढत राहतो आणि बर्फाचे पदर जाड होत जातात. गाळवट मातीत हे फार.

एका गोदामात मला बोलावलं, तोवर दार नीट लागत नाही म्हणून त्याचं रबर बदलून झालं होतं. रबराचा काय दोष? फरशी मधोमध चार बोटं वर आली होती, रॅक कलले होते. फरशीला भोक पाडून खालपर्यंतचा नमुना काढला, तर पीसीसीखालच्या (तळाच्या साध्या काँक्रीटखालच्या) मातीत बर्फाचे पांढरेशुभ्र पदर. फरशीखाली इन्सुलेशन, म्हणजे थंडी अडवणारा थर, होतं बरं का! पण ते कॉलमला टेकवून सोडून दिलेलं. लोखंडी कॉलम तसाच उघडा खाली गेलेला, त्यामुळे थंडीला थेट फुटिंगपर्यंत वाट. मालकाने ठेकेदाराला फोन लावला, पण हमीचं वर्ष केव्हाच उलटलं होतं. हा रोग दिसायला काही वर्षं लागतात.

नॉर्वे-स्वीडनमध्ये पायाभोवती इन्सुलेशन घालतात ते घराची ऊब जमिनीत टिकावी म्हणून. मग पायाखालची माती गोठत नाही आणि पाया फार खोल न्यावा लागत नाही. अमेरिकेत 2001 साली त्याचं प्रमाणित मानकच निघालं. आपल्याकडे उलटं, जमिनीला गोदामाच्या थंडीपासून वाचवायचं. शास्त्र तेच.

पॅकिंगचा थर्माकोल इथे चालत नाही, दबतो. एक्सपीएसच्या (दाट, कडक फोमच्या) बोर्डवर दाब सोसायची ताकद 300 किलोपास्कल लिहिलेली असली तरी कायमच्या वजनाला त्याचा तिसरा हिस्साच धरावा. नुसत्या जाडीनेही भागत नाही. जाड थर गोठणं लांबवतो, थांबवत नाही. म्हणून त्या थराखाली माती उबदार ठेवायला हीटर केबल किंवा बाहेरची हवा खेळवणारे पाइप लागतात. पाइप घातले तर त्यांना उतार हवा आणि दोन्ही तोंडांना जाळी. आपल्या पावसात ते तुंबले की आतच बर्फ होतो आणि उपाय अंगाशी येतो.

द्राक्षं-बेदाण्यांची शीतगृहं शून्याच्या आसपास किंवा वर चालतात, त्यांना ही भीती फारशी नाही. गोठवलेल्या मालाच्या गोदामांसाठी मात्र अनुदान देणाऱ्या यंत्रणेने काँक्रीट ओतण्याआधीचे फोटो मागावेत आणि फरशीखाली तापमानाचा सेन्सर सक्तीचा करावा. सेन्सरला खर्च किरकोळ येतो. उचललेली फरशी दुरुस्त करायची तर आधी गोदाम रिकामं करून खालची माती वितळू द्यावी लागते, आणि तेवढे महिने धंदा बंद.

आपला,
एक निवृत्त साइट इंजिनिअर, रत्नागिरी