जिभाऊंना उघड पत्र : चघळ मोजायला लावल्याबद्दल

जिभाऊ, राम राम.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचा सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) गेला, नवा मिळालाच नाही. सात गाई, चार म्हशी, मी आणि आई. दुधाचा पगार यायचा आणि तसाच ढेपवाल्याकडे जायचा. तुम्ही आला होतात बोअरची मोटर बघायला, पण खळ्यात उभे राहून म्हणालात, "तू ढोरेसना धनी शे का सालदार?" राग आला होता, आज कबूल करतो.

तुम्ही काहीच विकत घ्यायला सांगितलं नाही. गव्हाणीतलं चघळ, म्हणजे ढोरांनी न खाता टाकलेला चारा, पोत्यात भरायला लावलंत आणि काट्याला टांगलंत. एका दिवसाचं १९ किलो! ढोरं कडब्याची पानं ओरबाडून खायची, धांडे तुडवायची. चारा बारीक कापायचं कुट्टी मशीन पत्र्याखाली गंजत होतं. पात्यांना धार लावली, एवढंच.

मग खुराक. मी भाकड गाईला आणि भर दुधातल्या गाईला सारखीच पाटी ओतत होतो. तुम्ही खडूने भिंतीवर लिहिलंत: ढोराच्या स्वतःच्या अंगासाठी रोज दीड किलो, वर गाईला अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हशीला दोन लिटरमागे. शेवटच्या दोन महिन्यांच्या गाभणीला वेगळं. नुसती ढेप नको, मक्याचा भरडा, मीठ, खनिज मिश्रणही हवं. ते आकडे आईने पोळ्यालाही पुसू दिले नाहीत, आजूबाजूनेच भिंत सारवली.

दावं सोडायला मात्र मी घाबरलो. मुक्त गोठ्यात पहिले दोन दिवस ढवळीने सगळ्यांना शिंगावर घेतलं. तिसऱ्या दिवशी निवळली. आता हौदावर ढोरं आपली आपण पाणी पितात, शेणही रोज उचलावं लागत नाही. आईच्या हातातली बादली सुटली, जिभाऊ. तिचे गुडघे तुमचं नाव घेतात.

मुरघासाची, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याची, पहिली बॅग माझ्याच चुकीने वाया गेली. मका दाणे चिकात असताना कापला, कुट्टीही बारीक केली, पण नीट दाबली नाही, हवा राहिली. दीड महिन्याने उघडली तर वरचा थर काळा, बुरशी आलेली. थोडं घालून बघू म्हणालो, तर तुम्ही फावड्याने स्वतः उकिरड्यावर टाकलंत. दुसरी बॅग पायाने तुडवून भरली, ती छान आंबूस वासाची निघाली.

मोटर बघायची राहिलीच. आखाजीला या, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस आहे. काटा खुंटीलाच आहे. परवाचं चघळ ४ किलो भरलं.

तुमचा,
मळ्यातला पुतण्या