व्याख्यान होऊ दे, सायली

शिरोडा, ता. वेंगुर्ले

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला नोटिशीचा फोटो मोठा करून वाचला. ‘शैक्षणिक वातावरण बिघडवले’ एवढंच कारण. कोणत्या दिवशी, कोणत्या नियमाखाली, काही पत्ता नाही. तहसीलात असताना असा कागद मी साहेबांपुढे ठेवला असता तर तसाच परत आला असता. तेव्हा घाबरू नकोस. खुलासा मुदतीत दे आणि एका पानात आटप. मेसच्या दरवाढीबद्दल निवेदन कधी दिलं, उत्तर आलं नाही म्हणून ठिय्या कधी दिला, कोणाची वाट अडवली नाही, हे तारखांसकट लिही. माफी मागू नकोस. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. खाली ‘समस्त विद्यार्थी’ असं मोघम नको, प्रत्येकाची नावानिशी सही हवी. 1930 साली आपल्या शिरोड्यात मिठाचा कायदा मोडायला आलेली माणसं उघडपणे आली आणि अटक करून घेऊन गेली. शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचा हक्क तर आता घटनेच्या कलम 19 मध्येच आहे. या बाबतीत मी पूर्ण तुझ्या बाजूनं आहे.

पण त्या वक्त्याचं व्याख्यान होऊ द्यायचं नाही, सभागृहाला टाळं ठोकायचं, हे तुमचं ठरलंय ते मला अजिबात मान्य नाही. त्याची भाषणं ऐकून माझंही डोकं फिरतं. तरीही नाही.

2012 च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुलीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं नुसतं लाइक केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या नातेवाइकाचा दवाखाना फोडला. त्यावरून श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि 24 मार्च 2015 ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा करणारं कलम 66 अ रद्द झालं. तो निकाल जमला तर मुळातून वाच. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं, यांत कोर्टानं फरक केलाय. पहिल्या दोन गोष्टी कितीही झोंबल्या तरी रोखता येत नाहीत. या वक्त्यालाही तीच पट्टी लाव. कोणाला मारा-झोडा म्हणाला, तर सरळ पोलिसांत जा. नुसतं संतापजनक बोलला, तर बोलू दे.

व्याख्यान झालं तर गोंधळ होईल या धमकीचं म्हणशील तर, निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही, हेही याच कोर्टानं 1989 मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सांगितलंय. आज गोंधळाच्या भीतीनं त्याचा कार्यक्रम रद्द झाला, तर उद्या तुमची सभा बंद पाडायला समोरच्या गटाला तेवढीच भीती घालावी लागेल. प्रशासनाला आणखी काय हवं! एकच परिपत्रक काढतील आणि तुम्हा दोघांनाही गप्प बसवतील.

फाटकावर काळ्या फिती लावून उभे राहा, पत्रकं वाटा. तू आत जाऊन पहिल्या रांगेत बस आणि त्याला उत्तर देणं भाग पडेल असा प्रश्न विचार. पुढच्या आठवड्यासाठी त्याच सभागृहाचा अर्ज तुमच्या वक्त्याच्या नावानं आजच टाक. नाकारला, तर तेही लेखी माग.

आई म्हणते, “चेडवाक सांगा, येळार जेव म्हणान.” खुलाशाचा मसुदा देण्याआधी मला पाठव, रात्री बसून तपासतो.

तुझे,
बाबा